पिलखान्यातील बालशाळेची आणि येमाजी चितारी यांची हकीकत

श्रीशारदा प्रसन्न. ज्यांस अजून अक्षर उमटत नाही, परंतु बोटे रंगात बुडवावयास जी भीत नाहीत, त्या सकळ बाळांस दंडवत घालून ही हकीकत लिहिली असे. लिहिणाराचे नाव पुसू नये. जे डोळां पाहिले आणि खात्रीच्या माणसांकडून ऐकिले, तितकेच येथे आणिले आहे. शके सोळाशे चौऱ्यांशी, चित्रभानुनाम संवत्सरी, महाराज फौजेसह उत्तरेच्या स्वारीस निघोन गेले आणि राज्याचा कारभार राणीसाहेब पाहो लागल्या. त्या साली नगराचे पश्चिमेस मोठा तलाव बांधावयाचे काम चालले होते, आणि पुरुषमाणसे फौजेत गेली म्हणोन बायकाच दगडमाती वाहत, आणि त्यांची लहान पोरे बांधाचे कडेस उन्हात बसोन आयांची वाट पाहत. एके दिवशी राणीसाहेब काम पाहावयास गेल्या, तो एक मूल दगडांच्या राशीखाली सावलीस निजलेले त्यांनी पाहिले, आणि वरील धोंडा हलत होता. मग पालखीतून स्वतः उतरल्या, मूल उचलोन घेतले, आणि त्याच जागी आज्ञा केली की, हत्ती स्वारीस गेल्याने आपला पिलखाना रिकामा आहे, तो झाडोन सारवोन घ्यावा आणि ही सर्व लेकरे दिवसा तेथे आणावी. तेथे त्यांनी गावे, नाचावे, चित्रे काढावी, मातीची खेळणी करावी.

दिवाण नारोपंत मोठे दक्ष आणि कामाचे गृहस्थ. ते हात जोडोन बोलले, "सरकार, तीन-चार वर्षांची पोरे. त्यांस खावयास घालावे आणि निजवावे, इतके पुरे. गाणे-चित्रे ही विद्या थोरांची." राणीसाहेब म्हणाल्या, "दिवाणजी, दिवसभर नुसते निजते असे मूल आपण कोठे पाहिले आहे?" दिवाणजींस मुले होती, परंतु दिवसा त्यांनी ती फारशी पाहिली नव्हती, म्हणोन त्यांनी आज्ञा लिहोन घेतली. मग वाड्यातील कोंडाबाई, जिने राजघराण्यातील कित्येक बाळे अंगाखांद्यावर वाढविली, तिजला गाण्याचे आणि सांभाळण्याचे काम सांगितले. आणि चित्रकलेवर येमाजी चितारी यांस नेमिले.

येमाजी म्हणजे दरबारचे थोर चितारी. रंगमहालाच्या भिंती त्यांच्याच हातच्या. घोड्याची आयाळ काढली तर केस न केस निराळा दिसे. परंतु वय जाहले, डोळ्यांत मोतीबिंदू उतरो लागला, आणि एके दिवशी महाराजांच्या तसबिरीत शेला हिरवा काढावयाचा तो त्यांनी निळा काढिला. राणीसाहेबांनी ते पाहिले आणि चूक कोणासही न सांगता निळा शेला फार शोभतो ऐसे बोलल्या. येमाजींस मात्र उमगले. पुढे बालशाळेची नेमणूक आली तेव्हा त्यांचे मन कष्टी जाहले. घरी बायकोस म्हणाले, "ज्याने सिंहासनाची चित्रे काढिली, त्याने आता शेंबडी पोरे राखावी." बायको म्हणाली, "शेंबूड पुसायला फडके घेऊन जा हो." आणि खरेच फडके हाती दिले.

पहिले दिवशी येमाजी मोठी पगडी बांधोन पिलखान्यात गेले, सर्व मुलांपुढे धूळपाट्या मांडिल्या आणि सांगितले, "प्रथम सरळ रेघ. सरळ रेघ आली म्हणजे पुढचे." मग एका पोराने पाटीवरील धूळ फुंकोन दिली, ती दुसऱ्याच्या नाकात गेली, तो शिंकला, ते पाहून सगळीच शिंकू लागली, एकाने गेरूचा खडा चाखोन पाहिला, एकीने पिवडीच्या पिवळ्या रंगात हात घातला आणि तोच हात येमाजींच्या पगडीवर ठेविला, कारण की तिला पगडी आवडली होती. येमाजी रागे भरले, मुले रडो लागली, आणि कोंडाबाईने हत्ती बांधावयाच्या लोखंडी कड्यांवर काठीने ठेका धरिला आणि गाणे म्हणो लागली, तेव्हा कोठे शांत जाहले. ऐसेच कित्येक दिवस गेले. मग एकदा मुकुंदा नामे पोर रेघ ओढीत असता मान वर करोन पुसता जाहला, "आजा, ही रेघ कुठं चालली?" येमाजींनी आयुष्यभर रेघा ओढिल्या, परंतु रेघ कोठे चालली हे त्यांस कोणी पुसले नव्हते. ते म्हणाले, "तूच सांग." पोर म्हणाले, "माझ्या आयेकडं, तलावावर." आणि पाटी संपली तरी थांबले नाही, खडा जमिनीवर टेकोन रेघ ओढीत ओढीत खांबाला वळसा घालोन दारापर्यंत गेले, आणि मागे सगळी पोरे आपापली रेघ घेऊन निघाली. सारवलेली जमीन रेघारेघांनी भरोन गेली. येमाजी उभे होते. ते ओरडतील ऐसे कोंडाबाईस वाटले, परंतु ते खाली वाकले आणि डोळे अगदी जवळ नेऊन एकेक रेघ पाहत दारापर्यंत गेले. त्या दिवसापासोन पगडी घरी ठेवोन येऊ लागले.

मग शाळेस रंग चढला. सकाळी कोंडाबाईची गाणी, आणि कड्यांवर ठेका; दुपारी निजणे; आणि तिसरे प्रहरी तलावाची चिकण माती, गेरू, नीळ, पिवडी, काजळ, आणि जाडेभरडे कागद. मुलांस कुंचला कैसा धरावा हे येमाजी दाखवीत, आणि मग हात पाठीमागे बांधोन फिरत. हात पाठीमागे बांधणे त्यांस फार अवघड जाई. संध्याकाळी आया मातीने भरलेल्या येत, आणि पोरे रंगाने भरलेली असत, आणि दोघांसही एकाच हौदावर धुवावे लागे.

त्या मुलांत साळू नामे चार वर्षांची पोर होती. तिची आई तुळजा तलावावर दगड वाही आणि बाप शिदोजी महाराजांच्या फौजेत स्वार होता. साळू थोडके बोले, आणि रोज एकच चित्र काढी, ते घोड्याचे. पहिल्याने घोडा म्हणजे एक डोके आणि एक शेपूट इतकेच होते. मग आयाळ आली, मग वर बसलेला माणूस आला, त्याला मोठ्या मिशा आल्या. येमाजींस घोड्याची आवड, म्हणोन ते तिच्यापाशी अधिक उभे राहत, आणि ती मान न वळविता म्हणे, "आजा, उजेड सोड." आणि ते बाजूस होत.

इतक्यात वर्तमान आले की शेजारील राज्याचे वकील तलावाच्या पाण्याविषयी तह करावयास येणार. दिवाणजी येमाजींस बोलावून म्हणाले, "राणीसाहेबांच्या मनात वकिलांस बालशाळा दाखवावी ऐसे आहे. दाखवावयाजोगी असेल तर उत्तम. नसेल तर हसे होईल, आणि मी पिलखान्यात दारूगोळा ठेवावयाची परवानगी मागेन. मला जागा हवीच आहे." येमाजी म्हणाले, "मुले फार छान काढतात." दिवाणजींनी एक कागद उचलिला, उलटा धरिला, मग सुलटा धरिला, आणि पुसते जाहले, "हे काय आहे?" येमाजी बोलले, "पाऊस आहे. अथवा कोंडाबाई आहे. पुसावे लागेल." दिवाणजी म्हणाले, "वकील पुसत बसणार नाहीत. आपला हात फिरवा. थोडके सरळ करा, थोडके नीट करा. राज्याच्या अब्रूचे काम आहे." आणि खरे सांगावयाचे तर येमाजींस शाळा मोडेल याचे भय वाटले, आणि हात पाठीमागे बांधोन बांधोन तो आतल्या आत शिवशिवत होता हेही खरे.

दुसरे दिवशी मुले दुपारची निजली असता येमाजींनी साळूचा घोडा पुढे घेतला. घोड्यास सहा पाय होते. येमाजींनी दोन पाय खडीच्या पांढऱ्या रंगाने पुसोन टाकिले, उरलेले चार नीट वळणाचे केले, मान डौलदार केली, आयाळ मोकळी सोडिली, आणि स्वाराच्या मिशांस पीळ दिला. डोळे धूसर, तरी हात तोच जुना. चित्र ऐसे उतरले की त्यांस स्वतःसच भरोन आले. मग मुले उठली. साळू डोळे चोळीत आली आणि कागदापुढे उभी राहिली. मग म्हणाली, "माझा घोडा कुठं हाय?" येमाजी म्हणाले, "हाच तो, बाळ. थोडा नीट केला." ती म्हणाली, "ह्याला चारच पाय हायेत." येमाजी हसोन म्हणाले, "घोड्याला चारच असतात." साळू म्हणाली, "मी सहा दिले हुते. बा लौकर यावा म्हणून." आणि मग, रडली नाही, ओरडली नाही, इतकेच पुसती जाहली, "आता बा कवा येणार?"

येमाजींनी घाईने कुंचला घेऊन पुसलेल्या जागी पुन्हा दोन पाय काढिले. साळूने वाकोन पाहिले आणि म्हणाली, "हे तुझे पाय." आणि जाऊन खांबापाशी बसली, आणि त्या दिवशी, आणि पुढेही, तिने कुंचल्यास हात लाविला नाही. गाणे चाले तेव्हा गात नसे. पोरे मातीत खेळत तेव्हा बघत बसे. तुळजाने पुसले, "पोरीला काय झालं?" तेव्हा येमाजींनी जे केले ते सगळे तिजला सांगितले. तुळजाने ऐकून घेतले, डोईवरील चुंबळ हातात पिळली, आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही मुद्दाम नाही केलं. पण तिकडनं तीन महिने सांगावा नाही. मीच तिला म्हणलं होतं, तू घोडा काढ, तुझा बा येतो. मला दुसरं काय सांगायला सुचलं नाही." हे ऐकून येमाजी घरी गेले, ते जेवले नाहीत. कागदावरील दोन पाय पुसल्याने रणातील माणूस मागे राहत नाही हे त्यांस कळत होते, आणि तरीही त्यांस चैन पडेना.

मग त्यांनी घरून आपली सर्वांत प्रिय तसबीर आणिली. त्यांची थोरली लेक लहानपणीच देवाघरी गेली होती, तिची ती तसबीर. कोणासही दाखवीत नसत. ती साळूपुढे ठेवोन, हाती काजळात बुडविलेला कुंचला देऊन म्हणाले, "मी तुझ्या चित्रावर हात फिरविला. तू माझ्या चित्रावर फिरव. काय वाटेल ते काढ." साळूने तसबीर पाहिली. पुसले, "ही कोण?" येमाजी म्हणाले, "माझी मुलगी." साळूने कुंचला अगदी सांभाळोन, थेंब पडू न देता, बाजूस ठेविला आणि म्हणाली, "नको आजा. तुझी बिघडंल." तेव्हा तो म्हातारा माणूस सर्व मुलांदेखत रडो लागला, आणि मुले अंमळ घाबरली, आणि येमाजींच्या बायकोने दिलेले ते फडके मुकुंदाने शोधोन आणोन त्यांच्या हाती दिले.

त्यानंतर येमाजींनी आपला कुंचला ठेविला आणि मुलांत मांडी घालोन मातीकामास बसले. माती हे त्यांचे काम नव्हे; आयुष्यात कधी केली नव्हती. त्यांनी घोडा करावयास घेतला, तो पोट जड झाले आणि घोडा बसला. उठविला तो मान गळली. मान लाविली तो शेपूट पडले. पोरे हसहसोन लोळली. खांबापाशी साळू बघत होती. दुसरे दिवशी पुन्हा तैसेच. तिसरे दिवशी घोडा चौथ्यांदा आडवा झाला तेव्हा ती उठोन आली आणि म्हणाली, "लई खाल्लंय ह्यानं." आणि पोटातील माती काढोन टाकिली. येमाजी म्हणाले, "बरे. आता पाय किती लावू?" साळूने विचार केला. म्हणाली, "सहानं नाही भागायचं आता. लई उशीर झाला. आठ लाव." येमाजींनी पुसले, "मी लावू की तू लावतेस?" ती म्हणाली, "तू वळ, मी लावते." मग येमाजी पाय वळीत गेले आणि साळू लावीत गेली, आणि आठ पायांवर तो घोडा ऐसा भक्कम उभा राहिला की ढकलला तरी पडेना. त्या संध्याकाळी कोंडाबाईने ठेका धरिला तेव्हा साळूचे ओठ हलत होते, आणि कोंडाबाईने ते पाहून न पाहिल्यासारखे केले आणि गाणे आणखी थोडे लांबविले.

मग वकिलांचा दिवस आला. सकाळी दिवाणजी पाहणीस आले, तो चित्रे जैशीची तैशी भिंतीस लाविलेली, आणि मधोमध चौरंगावर आठ पायांचे जनावर. ते खालच्या आवाजात म्हणाले, "बुवा, मी काय सांगितले होते?" येमाजी बोलले, "दिवाणजी, एकदा फिरविला हात. आता फिरविणार नाही. शाळा मोडावयाची तर मोडा, मला घरी बसवावयाचे तर बसवा. मुलांच्या चित्रांवर मुलांचाच हात राहील." दिवाणजी म्हणाले, "अहो, वकील काय म्हणतील?" येमाजी म्हणाले, "काय म्हणतील ते ऐकू." इतक्यात राणीसाहेबांची स्वारी आली, बरोबर वकील, ते वृद्ध आणि शांत गृहस्थ. त्यांनी चित्रे पाहिली, मान डोलाविली, आणि चौरंगापाशी येऊन थबकले. बरोबरचे दोघे-तिघे हसले. दिवाणजींनी डोळे मिटले. वकिलांनी पुसले, "हा घोडा कोणाचा?" साळू कोंडाबाईच्या लुगड्याआड होती, ती पुढे येऊन म्हणाली, "माझा. आनि आजाचा. आजानं पाय वळले." वकील म्हणाले, "पाय पुष्कळ आहेत." ती म्हणाली, "माझा बा लांब हाय."

राणीसाहेबांनी हे ऐकिले. स्वारीची खबर त्यांसही नव्हती; ती न असल्याचे त्या कोणास सांगत नसत, दरबारात रोज ताठ बसत. मग त्या साळूपाशी खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "माझेही माणूस त्याच वाटेवर आहे गं. तुझ्या घोड्यावर दोघे बसतील का?" साळूने घोड्याकडे पाहिले, राणीसाहेबांकडे पाहिले, आणि म्हणाली, "दोघं बसले तर दमंल तो. तू दुसरा कर." आणि मातीचा ओला गोळा त्यांच्या हाती दिला. सगळी मंडळी उभी होती. राणीसाहेबांनी बांगड्या मागे सारिल्या, शेला कमरेस खोचिला, आणि जमिनीवर बसोन माती मळावयास लागल्या. येमाजींनी बोटांनी चाचपोन एक पाय वळला आणि पुढे धरिला, मग पुसते जाहले, "सरकार, चालेल?" राणीसाहेब म्हणाल्या, "द्या." वकिलांनी पादत्राणे काढिली आणि तेही बाजूस बसले, परंतु त्यांनी काय केले ते नीट ओळखो आले नाही, मुलांनी बदक ठरविले आणि त्यांनी ते मान्य केले. दिवाणजी मात्र बसले नाहीत. त्यांनी घोड्याकडे एकवार पाहिले, डोके हलविले, आणि कचेरीचे काम आहे म्हणोन गेले. आणि दारूगोळ्यासाठी दुसरी जागा पाहावी ऐसा हुकूम त्यांस सायंकाळी पोहोचला, तो त्यांनी इमानाने बजाविला. तहही पुढे दोन्ही राज्यांस मानेल ऐसा जाहला.

पावसाळा सरल्यावर महाराज विजयी होऊन परत आले. फौज नगरात शिरली तेव्हा तुळजा साळूस कडेवर घेऊन वेशीत उभी राहिली, आणि स्वार गेले, पायदळ गेले, हत्ती गेले, सामानाचे बैल गेले, परंतु शिदोजी आला नाही. येमाजी शेजारी उभे होते; त्यांस दिसत नव्हते, म्हणोन ते सारखे "आला का?" ऐसे पुसत, आणि पुढे पुढे पुसेनासे जाहले. हत्ती आले म्हणोन पिलखाना सोडावा लागेल ऐसे सर्वांस वाटले, परंतु राणीसाहेबांनी हत्तींसाठी नदीकाठी नवी जागा बांधविली. मग दिवाळीच्या सुमारास एक दुबळा माणूस काठी टेकीत पिलखान्याच्या दाराशी आला. वाटेत त्याचा घोडा गेला, पायास जखम होती, आणि एका खेड्यात लोकांनी त्यास ठेवोन घेतले होते. मुले गात होती, ती थांबली. त्याच्या मिशा उतरल्या होत्या, म्हणोन साळूने ओळखावयास वेळ घेतला. मग ती सावकाश चालत गेली, त्याच्या चांगल्या पायास मिठी मारिली, आणि म्हणाली, "बा, तू चालत आलास?" तो म्हणाला, "व्हय." आणि तिजला उचलावयास वाकला तो उचलवेना, म्हणोन तेथेच उंबऱ्यावर बसला, आणि ती मांडीवर बसली. कोंडाबाईने मुलांस दुसरे गाणे सांगितले. येमाजींनी आवाजावरोन सर्व जाणिले आणि रंग कालवीत राहिले. पाणी अधिक पडोन रंग फार पातळ जाहला, तरी कालवीतच राहिले.

साळू पुढे चितारीण झाली नाही. मोठी होऊन लग्न करोन शेजारच्या गावी गेली आणि चांगला संसार केला. मुकुंदाने गवंडीकाम धरिले. येमाजींचे डोळे मात्र पुढे पुरते गेले. लोक म्हणाले, आता घरी बसावे. परंतु ते काठीने वाट चाचपीत रोज येत, आणि नवी नवी मुले येऊन आपले चित्र त्यांस तोंडाने सांगत. मुलाने सांगावे, हे झाड आहे, येमाजींनी पुसावे, "आणिक काय?" मग मुलाने पुन्हा कागदाकडे पाहावे आणि सांगावे, झाडात पक्षी आहे, "आणिक काय?" आणि आपण काय काढिले हे मुलास स्वतःसच अधिकाधिक दिसत जावे. एके दिवशी एक लहानगी, तिचे नाव गोजरी, कागद घेऊन त्यांच्या मांडीशी टेकली आणि म्हणाली, "आजा, ह्यात तू हायेस." येमाजी म्हणाले, "मी काय करितो?" ती म्हणाली, "बसलायस." "आणिक काय?" ती म्हणाली, "पोरं हायेत भवती." "आणिक काय?" गोजरीने कागद पाहिला, मग मान वर करोन येमाजींचे तोंड पाहिले, पुन्हा कागद पाहिला, आणि सांगितले, "तू बघतोयस."

ऐसी ही पिलखान्यातील बालशाळेची हकीकत. जितके कळले तितके लिहिले. अधिक-उणे असेल तर वाचणाराने आपल्या मनचे घालावे, लिहिणाराचे पुसू नये. लेकरांचे कल्याण असो.